एका वाटेनं दोघं नकोत

आमच्या घरात सध्या कापडावरून खल चालू आहे. श्रामणेर शिबिरात मिळणारं चीवर बहुतेक वेळा टेरिकॉटचं असतं, कोरं करकरीत, आणि माझ्या लेकाला टेरिकॉट सोसत नाही. शर्टाच्या कॉलरमागची कंपनीची पट्टी उसवून काढली नाही तर त्याचा अख्खा दिवस त्या पट्टीतच जातो. मग जेवण नाही की बोलणं नाही. स्वमग्न माणसांपैकी पुष्कळांना स्पर्श, आवाज, उजेड असे अंगावर धावून येतात. म्हणून सुती मांजरपाट आणायचा, धुऊन धुऊन मऊ करायचा आणि मग रंगवायचा, असा माझा बेत. त्याच्या बाबांचं म्हणणं, आधी रंगवा, मग धुवा, म्हणजे रंगाचा वासही जाईल. वासाच्या मुद्द्यावर बाबा जिंकले.

चीवराच्या कापडाची काळजी नाशिकला नवी नाही. पाथर्डी फाट्याजवळच्या डोंगराला गाव पांडवलेणी म्हणतं, आम्ही त्रिरश्मी म्हणतो. तिथल्या दहाव्या लेण्यात नहपानाचा जावई उषवदात याचा लेख आहे. त्यानं ३००० कार्षापणं गोवर्धनच्या विणकरांच्या श्रेणींकडे कायमची ठेव म्हणून ठेवली. त्यातल्या २००० वर दरमहा शेकडा एक व्याज, आणि त्या व्याजातून लेण्यात वर्षावासाला राहणाऱ्या वीस भिक्षूंना प्रत्येकी बारा कार्षापणं चीवरासाठी. मी घरून हे वाचून गेले होते आणि लेण्याच्या ओसरीत उभी राहून त्याला सांगत होते. त्यानं क्षणभर छताकडे पाहिलं. “वर्षाचे दोनशे चाळीस. वीस बारे दोनशे चाळीस. बरोबर आहे,” म्हणाला, आणि उषवदाताला पास करून पुढच्या लेण्याकडे निघाला. मी जिल्हा परिषदेच्या शाळेत गणित शिकवते. हा ताळा मी करून पाहिला नव्हता.

लेक बावीस वर्षांचा आहे आणि त्याला बौद्धाचार्य व्हायचंय. बाहेरच्या वाचकासाठी सांगते. बाबासाहेबांनी १९५५ साली भारतीय बौद्ध महासभा स्थापन केली. नामकरण, लग्न, पुण्यानुमोदन असे संस्कार करणारे उपासक ही संस्था तयार करते, त्यांना बौद्धाचार्य म्हणतात. ही संसारी माणसं असतात. कुणी एसटीत, कुणी शाळेत, कुणी कंपनीत, आणि सुट्टीच्या दिवशी पांढरे कपडे घालून धम्माच्या कामाला. त्या वाटेवर दहा दिवसांचं श्रामणेर शिबिर करतात. मुंडण, चीवर, दहा शीलं, हातात भिक्षापात्र घेऊन चारिका.

हे त्याच्या डोक्यात कुठून आलं, असं कुणी विचारलं की मी खरं ते सांगते. एका लग्नातून आलं. हॉलची वेळ संपत आली होती, पुढची पार्टी दारात उभी होती, म्हणून विधी करणाऱ्या गृहस्थांनी जयमंगल अष्टगाथेतल्या दोन गाथा गाळल्या. तिसऱ्या रांगेतून माझा लेक उठला, “आठ आहेत,” असं खड्या आवाजात म्हणाला आणि राहिलेल्या दोन्ही गाथा म्हणून खाली बसला. नवरीच्या मामांनी हसून साधुकार दिला म्हणून निभावलं. घरी येताना सिटीलिंकच्या बसमध्ये तो एवढंच बोलला, “मी करीन. मी गाळणार नाही.” करुणा, मैत्री, बहुजनांचं हित हे सगळं त्याच्या बोलण्यात नंतर आलं, आणि तेही पुस्तकातल्या शब्दांत. मी त्यात भर घालत नाही. गाळणार नाही हे आश्वासन मला पुरेसं भारी वाटतं.

“त्याला कळतं का हो सगळं?” हे नातेवाईकांचं ठरलेलं वाक्य, आणि त्यामागोमाग समजूत घालायला चूळपंथकाची गोष्ट. चार महिन्यांत एक गाथा पाठ होईना म्हणून थोरल्या भावानं, महापंथकानं, त्याला विहारातून जायला सांगितलं. बुद्धांनी त्याच्या हातात स्वच्छ कापडाचा तुकडा दिला, तो हातानं चोळत बसायला सांगितलं, आणि मळत गेलेल्या त्या कापडावरून त्याला अनित्य उमगलं. गोष्ट सुंदर आहे, पण आमच्या घरी ती उलटी बसते. आमच्याकडे पाठांतराला तोटा नाही. रतनसुत्त कॅसेटवरच्या श्वासांसकट पाठ आहे. मला त्या गोष्टीतला वेगळाच भाग आवडतो. जीवकाच्या घरी संघाला भोजन होतं. निमंत्रणाच्या यादीचं काम महापंथकाकडे होतं आणि त्यानं धाकट्याला धरलंच नव्हतं. जीवक वाढायला आला तर बुद्धांनी पात्रावर हात ठेवला. विहारात कुणी राहिलं आहे का, ते आधी बघून या, म्हणाले. चूळपंथकाला अर्हत्त्व मिळालं हे नातेवाईकांना आठवतं. त्याच्यासाठी पंगत थांबली होती, हे कुणी सांगत नाही.

आता जे मला सगळ्यात नवलाचं वाटतं ते सांगते. लेक तीन वर्षांचा असल्यापासून आम्ही त्याला “माझ्याकडे बघ” हे शिकवत आलो. थेरपीच्या खोलीत छोट्या टेबलाशी बसवायचं, खाऊ डोळ्यांच्या रेषेत धरायचा, त्यानं डोळ्यांत पाहिलं की खाऊ हातात. किती वर्षं हे चाललं! आणि भिक्षूच्या आचारात काय आहे? वस्तीत जाताना नजर खाली ठेवावी, जोखडाच्या लांबीइतकी जमीन पुढे दिसली की पुरे. भिक्षेला दारात उभं राहिलं की मागायचं नाही, बोलायचं नाही. पात्र धरून शांत उभं राहायचं, कुणी घातलं तर घ्यायचं, नाहीतर पुढे व्हायचं. ज्या दोन गोष्टींसाठी त्याच्या प्रगतिपुस्तकावर वर्षानुवर्षं लाल शेरे आले, त्या इथे शिस्त म्हणून शिकवतात. विहारातल्या भन्तेजींनी पहिल्यांदा त्याची चालण्याची तालीम घेतली तेव्हा बाकीची पोरं इकडेतिकडे बघत होती, हसत होती. भन्तेजी त्यांना म्हणाले, “याच्यासारखं चाला.” हे वाक्य कुणी आमच्या लेकाकडे बोट दाखवून म्हणावं, याची मला सवय नव्हती.

वंदनेचंही तसंच. सरण तीनदा घ्यायचं, दुसऱ्यांदा आणि तिसऱ्यांदा तेच शब्द, त्याच क्रमानं. तेच ते बोलतो म्हणून ज्याला डॉक्टरकडे नेलं होतं त्याला तेच ते बोलणाऱ्या माणसांची अख्खी सभा मिळाली. आणि टाळ्या नाहीत! टाळ्यांचा कडकडाट झाला की तो कान दाबून टेबलाखाली जायचा; शाळेच्या स्नेहसंमेलनात आमची जागा कायम दाराजवळ. विहारात आनंद झाला तर साधु, साधु, साधु. तीनच वेळा, आणि केव्हा येणार ते आधी ठाऊक असतं. (जयंतीच्या मिरवणुकीतला डीजे हा निराळा विषय. त्या दिवशी आम्ही कानांवर हेडफोन चढवून सकाळीच अभिवादन करून येतो. बाबासाहेबांना ते चालेल अशी माझी खात्री आहे.)

सगळंच असं जुळत नाही. दुपारी बारानंतर जेवायचं नाही हे सहावं शील, आणि आमच्याकडे संध्याकाळी साडेसातला वरणभात म्हणजे साडेसातला. शिवाय वरण आणि भात एकमेकांना टेकता कामा नये. भिक्षापात्रात तर भाजी, शिरा, पापड, केळं सगळं एकात एक. मुंडणाच्या मशीनची घरघर कवटीत घुमते. आणि श्रामणेर दिसला की म्हाताऱ्या बायासुद्धा पायांवर हात ठेवायला धावतात, न सांगता, मागून.

यावर उपाय आहेत, पण त्यांची उस्तवार फार. जेवणाची वेळ आम्ही दर आठवड्याला थोडी थोडी अलीकडे आणत आहोत. घड्याळाचा काटा ढकलायला त्याची हरकत नाही, फक्त आधी कॅलेंडरवर लिहिलेलं पाहिजे. केस कापायचं मशीन बाबांनी विकत आणून टीव्हीच्या टेबलावर नुसतं ठेवलं. मग ते लांबून सुरू करणं, मग त्याच्या स्वतःच्या हातात, मग दंडावर, मग कानामागे. पात्रात खणांचं स्टीलचं ताट बसतं का, असं भन्तेजींना विचारलं तर ते म्हणाले, पात्रातून ताटात काढून घेऊ दे, काही बिघडत नाही. पाया पडण्याचं मात्र गाडं अडलं आहे. पंचांग प्रणाम हातभर अंतरावरूनही होतो, हे माझ्या विहारातल्या बायकांना मी सांगू शकते. गल्लीतल्या प्रत्येक आजीला कोण सांगणार?

एका शिबिराच्या आयोजकांनी अर्ज परत केला. “ताई, दहा दिवस त्याच्यामागे कोण बघणार? आणि विनयातही आजारी माणसाला प्रव्रज्या नाही.” त्यांच्या पहिल्या वाक्याला माझ्याकडे उत्तर नव्हतं, कारण तो प्रश्न खरा आहे. दुसऱ्यावर मात्र मी महावग्ग उघडून बसले. आजारांची यादी आहे तिथे, पाच आजारांची: कुष्ठ, गंड, किलास, शोष, अपस्मार. कारणही दिलं आहे. मगधात या रोगांची साथ होती. वैद्य जीवक राजाला आणि संघालाच बघायचा, म्हणून लोक फुकट उपचारासाठी भिक्षू होत आणि बरे झाले की चीवर उतरवून घरी जात. जीवकानंच बुद्धांना तक्रार केली. म्हणजे तो दवाखान्यातल्या गर्दीचा बंदोबस्त होता. आमच्या लेकाला कुठल्या उपचाराची आशा नाही आणि स्वमग्नता यादीतही नाही.

त्याच प्रकरणात पुढे एक जागा आहे, ती वाचली तेव्हा मी पुस्तक पालथं घालून स्वयंपाकघरात गेले आणि ह्यांना बोलावून आणलं. उपसंपदा, म्हणजे पूर्ण भिक्षुदीक्षा, मागणाऱ्याला संघासमोर प्रश्न विचारायचे असतात: हे आजार आहेत का, ऋणमुक्त आहेस का, आईवडिलांची परवानगी आहे का, पात्र-चीवर पूर्ण आहे का. आधी काय व्हायचं, तर भरसभेत प्रश्न आला की उमेदवार बावरायचे, त्यांना उत्तरच देता यायचं नाही. तेव्हा बुद्धांनी सांगितलं, आधी बाजूला नेऊन त्याला शिकवा, असे असे प्रश्न येतील, असं असं म्हणायचं. मग सभेत आणून विचारा. अहो, आम्ही पंधरा वर्षं दुसरं काय करतो आहोत? दवाखान्यात जायच्या आधी, बँकेत सही करायच्या आधी, पाहुणे यायच्या आधी चित्रं काढून, चिठ्ठ्या लिहून घरी तालीम. लोक याला लाड म्हणतात. अडीच हजार वर्षांपूर्वी ते साध्या बावरलेल्या माणसांसाठी नियमात बसवलं होतं.

मग मला अशा तालमी जागोजागी दिसायला लागल्या. आपल्याच मुलखातला पूर्ण घ्या, पालीत पुण्ण. सोपाऱ्याकडचा, म्हणजे आजच्या नालासोपाऱ्याचा व्यापारी, भिक्षू झाला आणि आपल्या सूनापरांतात परत जायला निघाला. बुद्धांनी त्याला आशीर्वाद देऊन वाटेला लावलं नाही. तिथले लोक तापट आहेत, शिव्या दिल्या तर काय म्हणशील? हातांनी मारलं तर? ढेकळं मारली तर? काठीनं? शस्त्रानं? जीवच घेतला तर? एकेक पायरी चढवत नेली आणि प्रत्येक पायरीवर त्याचं उत्तर ऐकून घेतलं. दरवेळी पूर्णाला वाटतं, याहून वाईट केलं नाही म्हणजे ही माणसं भलीच. प्रवचनकार इथे पूर्णाच्या क्षमाशीलतेवर थांबतात, आणि थांबावंच. मी आई म्हणून प्रश्नांच्या क्रमाकडे बघते. सौम्यापासून तीव्राकडे, मध्ये एकही पायरी न गाळता. मशीन टेबलावर, मग दंडावर, मग कानामागे.

आम्हीही तसे प्रश्न लिहिले. कुणी मागून पाय धरले तर? भन्तेजींनी वेळापत्रक बदललं तर? कुणी वेडा म्हणालं तर? शेवटच्यावर तो बराच वेळ गप्प होता. मग म्हणाला, “वेडा नाही. स्वमग्न. दाखला आहे.” दाखला खरंच आहे, यूडीआयडीचं कार्ड त्याच्या पाकिटात असतं, २०१६ च्या दिव्यांग हक्क कायद्यातल्या २१ प्रकारांत स्वमग्नता आहे, १९९५ च्या कायद्यात नव्हती. पण दहा शीलांत सोनं-चांदी, पैसा न स्वीकारण्याचं शील असतं. पाकीट घरी राहणार. मग कार्डाचं काय, यावर आमच्या तालमीचा सबंध रविवार गेला.

दूरदेशी पाठवायची माणसं घडवण्याचं काम नाशिकनं पूर्वीही केलेलं आहे. १८५४ साली चर्च मिशनरी सोसायटीनं शरणपूर वसवलं. गुलामांच्या जहाजांवरून सोडवलेली आफ्रिकन मुलं तिथे वाढली, सुतारकाम, लोहारकाम, इंग्रजी शिकली, आणि त्यांतली काही लिव्हिंगस्टनच्या मोहिमांत आफ्रिकेला परतली. त्यांच्यातलाच जेकब वेनराइट १८७४ मध्ये लिव्हिंगस्टनच्या शवपेटीबरोबर लंडनच्या वेस्टमिन्स्टर ॲबीपर्यंत गेला. शरणपूर रोडवरून रोज जाणाऱ्यांपैकी किती जणांना हे माहीत असेल कोण जाणे. बाबासाहेबांचं ख्रिस्ती मिशनऱ्यांच्या कामाकडे बारीक लक्ष होतं. १९५० मध्ये ‘महाबोधी’ नियतकालिकाच्या अंकात लिहिताना त्यांनी भिक्षुसंघाची चांगलीच हजेरी घेतली आहे: नुसती ध्यान करणारी फौज नको, लोकांत जाऊन सेवा करणारी शिकलेली माणसं हवीत. ते वाचताना माझ्या पोटात गोळा येतो. लोकांत जाणं हेच तर आमचं अवघड ठाणं. पण सेवा म्हणजे भाषणच का? तीन तास रांगेत पाणी वाढायचं काम द्या, ग्लास एका रेषेत राहतील. शेवटच्या माणसाला पाणी मिळाल्याशिवाय तो उठणार नाही. अंत्यविधीच्या घरी उगाच चारचौघांसारखं बोलून जखम उकरणार नाही; पाठ म्हणेल, पूर्ण म्हणेल आणि येईल.

परवानगीचा प्रश्न उरतो, म्हणजे माझा. राहुलला सात वर्षांचा असताना प्रव्रज्या दिली तेव्हा म्हातारा शुद्धोदन बुद्धांकडे आला. तू गेलास, नंद गेला, आता हाही. पोराची माया कातडं कापून हाडाच्या आतपर्यंत जाते, असं काहीसं बोलून त्यानं मागितलं की यापुढे आईवडिलांना विचारल्याशिवाय कुणाच्या मुलाला घेऊ नये. नियम झाला. एका आजोबाच्या दुःखापोटी झालेला हा नियम मला विनयातला सगळ्यात माणसाळलेला वाटतो. आपल्या सरकारचा प्रश्न उलट दिशेनं येतो. मूल अठरा वर्षांचं झालं की १९९९ च्या राष्ट्रीय न्यास कायद्याखाली पालक कोण, तुमच्यानंतर कोण, यासाठी अर्ज करा. नाशकात रजनीताई लिमयांनी १९७७ साली प्रबोधिनी सुरू केली तेव्हापासून विशेष मुलांच्या शाळांची वाट पडली. पण शाळा सुटल्यावर काय, याचं उत्तर घरोघरी ज्यानं त्यानं शोधायचं. आमच्या ओळखीच्या आयांमध्ये बोलणं फिरून फिरून एकाच ठिकाणी येतं: मी गेल्यावर. मीही तिथेच अडकले होते. त्यात पोरगा म्हणतो, मला जाऊ दे.

त्रिरश्मीवरच्या तिसऱ्या लेण्यात गौतमी बलश्रीचा लेख आहे. मुलगा सातकर्णी गेल्यावर, नातवाच्या राज्यात, तिनं डोंगरावर त्याची थोरवी कोरवून घेतली. त्याच्या घोड्यांनी तीन समुद्रांचं पाणी प्यायलं, हे शाळेच्या पुस्तकात येतं. त्याच लेखात, राजाच्या गुणांच्या लांबलचक माळेत, आईच्या सेवेत त्यानं कधी खंड पडू दिला नाही, असंही तिनं घालून ठेवलंय. हे घालायचा मोह कोणत्या आईला होणार नाही? मला मात्र असला लेख नको. त्यानं माझ्या सेवेत जरा खंड पाडावा, एवढ्यासाठी तर हा सगळा खटाटोप.

आणि खंड पाडायला त्याला थेट बुद्धांचाच आधार सापडला. पहिल्या साठ अर्हतांना लोकांच्या हितासाठी फिरायला पाठवताना सांगितलं होतं की एका वाटेनं दोघांनी जाऊ नये. सगळे प्रवचनकार यावर सांगतात, कमी माणसांत जास्त मुलूख व्हावा म्हणून. लेक शब्दाचा पक्का आहे. शिबिरात सोबतीला मी राहीन, असं मी दुसऱ्या एका ठिकाणच्या आयोजकांना कबूल केलं होतं आणि त्याच अटीवर त्यांनी होकार दिला होता. त्यानं पुस्तक आणून माझ्यापुढे ठेवलं आणि त्या ओळीवर बोट ठेवलं. मी भन्तेजींना गाठलं. ते म्हणाले, “आता मी काय बोलू? तो बरोबर वाचतोय.” मग हळूच म्हणाले, “आमच्यात श्रामणेराबरोबर आचार्य असतोच. मी त्याच्या पुढे चालतो. आईनं मागे चालायला हवंच असं नाही.” त्यांनी स्वतः जबाबदारी घेतल्याचं आयोजकांना कळवलं, तेव्हा अट सुटली.

परवा अर्ज भरला. पालकांची संमती, सही, तारीख. ‘आजार असल्यास’ या रकान्यात मी आडवी रेघ मारली आणि मागच्या कोऱ्या बाजूला भन्तेजींसाठी टिपण लिहिलं: मागून हात लावू नये. मशीनचा आवाज सहन होत नाही. वेळापत्रक लिहून द्यावं. ताट खणांचं. त्याच्याबद्दलचा कुठलाही कागद आधी त्यानं वाचायचा, हा आमच्या घरचा रिवाज. त्यानं पेन घेऊन ‘सहन होत नाही’ खोडलं आणि वर लिहिलं, ‘आधी सांगितलं तर होतो’. खाली एक कलम वाढवलं: ‘आईने रोज फोन करू नये.’

मी म्हटलं, भोजनदानाच्या दिवशी सगळ्या उपासिका येतात, त्यांच्यात मी आले तर? त्यानं बराच विचार केला. “ये,” म्हणाला. “फक्त भात वाढ. वरण दुसऱ्या कुणाला वाढू दे.”